बनी हॉप शिकायचा आहे? मग दुकानातली सायकल अशी पारखा

बनी हॉप म्हणजे चालत्या सायकलची दोन्ही चाकं, कुठल्याही उताराची किंवा फळीची मदत न घेता जमिनीवरून उचलायची आणि अडथळ्यापलीकडे टेकवायची. आधी पुढचं चाक, मग मागचं. शेतरस्त्यावर आडवा पडलेला स्प्रिंकलरचा पाइप, पावसानं कोरलेला चर, धुळ्याजवळच्या लळिंगच्या बाजूच्या वाटांवर उघडा पडलेला दगड, हे सगळं सायकलवरून न उतरता ओलांडता येतं. शिकणाऱ्या बाईला हॉप जमला नाही की आजूबाजूचे लगेच सांगतात, "हातात जोर पाहिजे." आम्हाला हे पटत नाही. हात या कामात जेमतेम लागतात. जोर लागतो कमरेचा आणि मांड्यांचा, आणि तो बहुतेकींकडे भरपूर असतो. अडतं ते सायकलीपाशी. म्हणून हे परीक्षण सायकलीचं आहे. जळगाव, धुळे, चाळीसगाव, नंदुरबारच्या बाजारात साधारणपणे जो माल मिळतो त्यातला कोणता हॉप शिकायला चालतो, कोणता नाही, आणि सायकल दुकानाबाहेर काढण्याआधी काय बदलून घ्यायचं, एवढंच पाहू.

आधी वजनाचं गणित. ७५ किलोच्या माणसाखाली १५ किलोची सायकल म्हणजे त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा. ५० किलोच्या बाईखाली तीच सायकल तिच्या वजनाच्या ३० टक्के होते. सायकल १८ किलोची असेल तर ३६ टक्के. तंत्र तेच, उडी तीच, पण अंगाच्या मानानं उचलायचा भार जवळजवळ दुप्पट. त्यामुळे पुरुष मंडळी ज्या सायकलवर "चालून जातं" म्हणतात, ती हलक्या अंगाच्या बाईला चालेलच असं नाही.

या हिशोबात सर्वांत आधी बाद होते ती डबल शॉकर. आठ-दहा हजारांत मिळणारी, लोखंडी फ्रेमची, सीटखाली जाड स्प्रिंग असलेली. दिसायला हीच सर्वांत "माउंटन" दिसते आणि दुकानदारही हीच पुढे करतो. वजन १७ ते २० किलो. पण वजनापेक्षा वाईट तिची स्प्रिंग. हॉप घेताना आपण खाली दबून पायांनी जमीन ढकलतो, त्या धक्क्याचं उत्तर म्हणून सायकल वर येते. इथे तो धक्का स्प्रिंगच गिळून टाकते. शिकणारी महिनाभर उड्या मारते आणि मागचं चाक जमिनीला चिकटलेलंच राहतं. फुकट मिळाली तरी हॉपसाठी ही घेऊ नका.

दुसरी बाद होते बास्केटवाली लेडीज सायकल. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना मिळते तीही याच घराण्यातली. शाळेला जायला, दप्तर आणि डबा वाहायला ती उत्तम आहे, त्यासाठीच तिची घडण आहे. पण आडवी नळी नसल्यानं फ्रेम पीळ खाते, हँडल मागे वळलेलं असतं, मडगार्ड आणि कॅरिअरचं वजन नेमकं मागच्या चाकावर येतं. दोन-तीनदा जोरात उतरली की स्पोक ढिले होतात.

उरते ती हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकर आणि मागे सरळ फ्रेम. अ‍ॅल्युमिनियमची, १४ ते १५ किलोची, साधारण १५ ते २२ हजारांच्या दरम्यानची. शिकायला हीच घ्यावी. यापेक्षा महाग सायकलमध्ये हवेचा फोर्क (पुढचं चाक धरणारा शॉकर) आणि हलकी चाकं मिळतात. ती सुखाची आहेत, पण पहिला हॉप त्यांच्यावाचून अडत नाही.

तीच हार्डटेल चुकीच्या मापाची घेतली तर मात्र अडतं. उंची पाच फूट ते पाच फूट तीन इंच असेल तर १३ ते १५ इंची फ्रेम बघा, म्हणजे एक्स-स्मॉल किंवा स्मॉल. गावातल्या दुकानात बहुधा १७-१८ इंची ठेवलेली असते आणि "सीट खाली करून देतो, बसेल" असं सांगितलं जातं. सीट खाली होते, पण सीटपासून हँडलपर्यंतची लांबी कमी होत नाही. हात आधीच ताणलेले असले तर कंबर मागे न्यायला जागाच उरत नाही, आणि हॉपची सुरुवातच कंबर मागे नेण्यात आहे. म्हणून दुकानात दोन गोष्टी करून बघा. फ्रेमच्या आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय सपाट टेकवून उभं राहिल्यावर नळी आणि अंग यांत निदान दोन इंच फट हवी. मग कुणाला तरी सायकल धरायला सांगून, सीट पूर्ण खाली करून, पेडलवर उभं राहा आणि हात सरळ करून बसल्यासारखी कंबर मागे न्या. बूड मागच्या टायरला लागत असेल तर चाक मोठं आहे. पाच फुटांच्या आसपास उंची असणारीनं २९ इंची चाक टाळावं. २७.५ चांगलं. २६ ची मिळाली तर ते जुनं आहे म्हणून नाक मुरडू नका, शिकायला ते सर्वांत सोपं.

सीटची नळी पूर्ण आत जाते का तेही तिथेच तपासा. काही फ्रेममध्ये बाटलीचे स्क्रू आत आलेले असतात किंवा फ्रेमची नळी खाली वाकडी असते, मग सीट अर्ध्यावर अडते. दुकानदाराकडून सीटची नळी खालून कापून घ्या, पण निदान किती नळी फ्रेममध्ये राहायला हवी हे सांगणाऱ्या "किमान" खुणेचा हिशोब ठेवून, म्हणजे लांबच्या फेरीसाठी सीट वर करता येईल. सीट वर ठेवून हॉपचा सराव करायचाच नाही. मागून उसळलेली सीट ओटीपोटाच्या खाली हाडावर बसते आणि ती दुखापत आठवडेच्या आठवडे सायकल बंद ठेवते. बटणावर खालीवर होणारी ड्रॉपर सीटपोस्ट चांगली चीज आहे, पण सपाट जागेवरच्या सरावाला हातानं उघडणारी क्विक रिलीजची साधी पकड पुरते.

आता पेडल. सगळ्या सायकलीत एकच गोष्ट बदलायचे पैसे असतील तर ती हीच. स्वस्त हार्डटेलबरोबर येणारं प्लास्टिकचं पेडल गुळगुळीत असतं. ते का नडतं हे कळायला हॉपचा मधला भाग नीट समजून घ्यावा लागतो.

सुरुवातीला जलद चालण्याइतका किंवा हळू धावण्याइतका वेग, ताशी आठ ते बारा किलोमीटर. मधला गिअर. दोन्ही पेडल जमिनीला समांतर, गुडघे आणि कोपर सैल, नजर अडथळ्याच्या पलीकडे. छाती थोडी खाली घ्या. तिथून कंबर आधी खाली आणि मग मागे न्या, मागे ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर बसायला जावं तशी. हात सरळ होतात आणि पुढचं चाक आपोआप उठतं, त्याला हातानं ओढायचं नसतं. चाक उठलं की लगेच कंबर पुढे, हँडलच्या दिशेनं, आणि ताडकन उभं राहायचं. त्या क्षणी हँडल पुढे ढकलायचं आणि पायांची बोटं खाली वळवून पेडल मागे-वर खेचायचं. काळ्या मातीचा चिखल चप्पलेच्या तळाला लागला की तो दगडाच्या कडेला मागे घासून काढतो, अगदी तसा घासा. या घासण्यानं मागचं चाक वर येतं. गुडघे छातीकडे घ्या, सायकल खाली समतल होते, दोन्ही चाकं साधारण एकदम टेकतात आणि गुडघे वाकवून धक्का जिरवायचा.

गुळगुळीत पेडलवर हे घासणंच जमत नाही. पाय निसटतो, पेडल गरकन फिरतं आणि त्याची कड नडगीवर बसते. दोनदा असं झालं की शिकणारी नकळत बोटं खाली वळवणं सोडून देते, कारण शरीर स्वतःला वाचवतं. पुढे महिनाभर ती "मागचं चाक उठत नाही" म्हणत राहते. दोष तिच्या मांड्यांत नसतो, तीनशे रुपयांच्या प्लास्टिकमध्ये असतो.

त्याऐवजी पिनवालं नायलॉनचं सपाट पेडल घ्या. प्रत्येक बाजूला आठ-दहा पिना, रुंदी साधारण १०० मिलिमीटर. चार-पाच नंबरचा बूट घालणारीला यापेक्षा मोठ्या पेडलचा काही फायदा नाही, उलट ते दगडावर आपटतं. हजार-दीड हजारात चांगलं मिळतं. अ‍ॅल्युमिनियमचं जास्त टिकतं, पण त्याच्या पिना धारदार असतात, नडगी सोलून काढतात. शिकायला नायलॉनच बरं. बसवताना १५ मिलिमीटरचा पाना लागतो, काहींना मागून एल-की लागते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सोपी खूण अशी की कुठलंही पेडल आवळताना पाना पुढच्या चाकाच्या दिशेनं फिरतो, सोडताना मागच्या. आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय बसवू देऊ नका, नाहीतर पुढे ते क्रँकमध्येच, म्हणजे पेडलच्या दांड्यातच, गंजून बसतं. पिना अंगाला लागतील म्हणून काढून टाकायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. नडगीला फुटबॉलचे शिन गार्ड बांधा, खेळाच्या कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळतात.

बुटाला अटॅच होणारी, टाच वळवली की सुटणारी क्लिपलेस पेडलं या टप्प्यावर नकोत. त्यांनी पाय नुसते वर खेचले तरी दोन्ही चाकं एकदम उठतात आणि हॉप जमल्यासारखं वाटतं. तंत्र मात्र आलेलं नसतं, आणि मागे पडायची वेळ आली तर पाय पटकन सुटत नाही.

बूट सपाट रबरी तळाचा हवा. शाळेच्या पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट पिनांवर फार छान पकडतात, महागड्या बुटांआधी तेच वापरून बघा. धावायच्या बुटांचा जाड मऊ तळ पायाचं घासणं गिळून टाकतो.

ब्रेकबद्दल दुकानात कुणी काही विचारत नाही, पण लहान हाताच्या बाईला ते विचारायलाच हवं. लिव्हर हँडलपासून इतका लांब असतो की तो पकडायला मूठ सोडावी लागते. लिव्हरच्या बुडाशी एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर जवळ येतो. एका बोटाच्या पहिल्या पेरात तो बसला पाहिजे. मग क्लॅम्प ढिला करून लिव्हर ग्रिपपासून दीड-दोन सेंटिमीटर आत सरकवा, म्हणजे बोट लिव्हरच्या टोकावर पडतं आणि कमी जोरात जास्त ब्रेक लागतो. शिमानोच्या एमटी २०० या साध्या हायड्रॉलिक ब्रेकला आम्ही पूर्ण मार्क देतो. लिव्हर लांब आहे, त्यामुळे आत सरकवणं भागच पडतं, पण एका बोटाचं काम होतं. तारेचे डिस्क ब्रेकही चालतील. फक्त खान्देशातल्या धुळीत तार अडखळायला लागते, तेव्हा वर्षातून एकदा तार आणि केसिंग बदला.

आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि मागचा डाव्या. तुमच्या सायकलचा कुठे आहे ते पहिल्या दिवशीच बघून ठेवा, कारण पुढचं चाक उचलताना सायकल मागे उलटायला लागली तर मागच्या ब्रेकवर ठेवलेलं बोटच वाचवतं. जरासा दाब दिला की पुढचं चाक धपकन खाली येतं. सरावाच्या पहिल्या तासात हॉप नाही, हेच करायचं: चाक उचलायचं आणि ब्रेकनं पाडायचं, दहा-पंधरा वेळा. मागे पडायची भीती गेली की कंबर खरोखर मागे जायला लागते.

हँडल धरणारा तुकडा, म्हणजे स्टेम, स्वस्त सायकलमध्ये ८०-९० मिलिमीटर लांब असतो. तो ५० चा घ्या, सहाशे ते हजारात होतो. विकत घेताना हँडलची जाडी २५.४ आहे की ३१.८ ते मोजा. पुढचा फोर्क स्प्रिंगचा असेल तर तो बहुधा वजनदार माणसाला धरून बनवलेला असतो, ५० किलोखाली तो हलतही नाही. स्प्रिंगचा ताण ठरवणारं प्रीलोडचं निळं किंवा काळं बटण सोडतीच्या बाजूला पूर्ण फिरवून ठेवा. फोर्क घट्ट करणारा लॉकआउट असेल तर सपाट जागेवरच्या सरावात लावला तरी चालेल, पण अडथळ्यावरून उतरताना काढा.

मागच्या हबबद्दल, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाबद्दल, एक प्रश्न दुकानदाराला नक्की विचारा: फ्रीव्हील की कॅसेट? दोन्ही म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच. सात गिअरच्या स्वस्त सायकलीत आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचे छर्रे एक्सलच्या टोकापासून बरेच आत असतात, त्यामुळे वारंवार उतरल्यावर एक्सल वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे कडेला असतात. सुरुवातीच्या सहा इंची उड्यांना फ्रीव्हीलही निभावतं. पुढे जायचं असेल तर कॅसेट आणि डबल-वॉल (दुहेरी भिंतीच्या) रिमचीच सायकल घ्या, नंतर चाक बदलणं महाग पडतं.

हवा हा आमच्या मते दुकानांचा सर्वांत मोठा दोष. सगळीकडे डोळे झाकून ५०-६० पीएसआय भरतात, टायर दगडासारखा होतो, उतरताना सायकल टप्पा घेते आणि हातातून जाते. ५०-५५ किलो वजन आणि २.१ ते २.२५ इंची टायर असेल तर पुढे २६ ते २८, मागे ३० पुरे. यापेक्षा फार खाली गेलात तर कडेवर आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. स्वतःचा गेजवाला पंप ठेवा.

आणि बाभळीचे काटे. इथल्या बांधावरून फिरणाऱ्या सायकलला त्यापासून सुटका नाही. ट्यूबमध्ये प्रत्येक चाकाला ६० ते ९० मिलिलीटर सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा द्रव, भरून घ्या. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर आतली पिन काढून भरता येतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावं लागतं.

हेल्मेट घ्यायला जाताना केस रोज बांधता तसेच बांधून जा. आंबाडा हेल्मेटला पुढे ढकलतो आणि कपाळ झाकल्यासारखं दिसूनही मागचं डोकं उघडं राहतं. मानेजवळ बांधलेली सैल वेणी सर्वांत बरी. आत सीपीएससी किंवा ईएन १०७८ हा सुरक्षा-मानकाचा शिक्का बघा. गुडघ्याचे पॅड पुरुषांच्या मापाचे असतात आणि दुसऱ्या उडीला पोटरीवर उतरतात, म्हणून गुडघ्याच्या वर चार बोटांवर मांडीचा घेर मोजूनच घ्या. ओढणी घरी ठेवा, सलवारीचा पायघोळ असेल तर उजव्या घोट्याशी पट्टा बांधा, आणि चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा घाला. ताडकन उभं राहण्यात अवघडलेपण असेल तर उडी अर्धवटच होते.

सरावाला जागा म्हणून खळं किंवा दाबलेला मुरूम. काळ्या मातीचं रान नको: पावसाळ्यात ती टायर आणि फोर्कच्या मध्ये भरून चाकच अडवते, उन्हाळ्यात तिच्या भेगांत पुढचं चाक शिरतं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आवरा. एका वेळी वीस मिनिटं पुरेत. दमल्यावर कंबर मागे जात नाही आणि हात ओढायला लागतात, चुकीची सवय तिथेच लागते.

अडथळ्यांचे पैसे द्यायची गरज नाही, शिवारात सगळं आहे. आधी ठिबकची १६ मिलिमीटरची जुनी नळी जमिनीवर आडवी टाका. ती ओलांडणं म्हणजे उंचीचा नाही, वेळेचा सराव. पुढचं चाक कुठे उठलं आणि मागचं कुठे टेकलं ते धुळीत स्पष्ट दिसतं. मग पऱ्हाटीची वाळलेली काडी दोन विटांवर आडवी ठेवा. हा आम्हाला सर्वांत आवडलेला अडथळा: चाक लागलं की मोडते, पाडत नाही. वीट तीन उंच्या देते, आडवी तीन इंच, कडेवर साधारण चार, उभी नऊ. उभ्यावर महिन्याभराआधी जाऊ नका.

रावेर-यावलकडे केळीची कापणी झाली की खांब बांधावर पडलेलेच असतात. तो मऊ असतो, रिम आपटली तरी वाकत नाही. पण गोल खांब गडगडतो आणि ओला असेल तर मागचं चाक आडवं सरकतं, म्हणून उभा चिरून सपाट बाजू खाली ठेवा. चिकाचे डाग कपड्यांतून जात नाहीत, जुने कपडे घाला. स्प्रिंकलरचा ७५ मिलिमीटरचा पाइप मात्र मोकळा कधीच ठेवायचा नाही. पुढचं चाक त्यावर पडलं तर तो चाकाखाली फिरतो आणि सायकल जागेवर झोपते. दोन्ही टोकांना विटा लावा किंवा खुंट्या ठोका.

अडखळलात तर कारण असं शोधा. पुढचं चाक उठत नसेल तर बहुधा तुम्ही हातानं ओढताय आणि कंबर जागेवरच आहे, किंवा स्टेम लांब आहे. पुढचं उठतं आणि मागचं नाही, तर उभं राहणं अर्धवट राहतंय किंवा पेडल-बूट पकडत नाहीत. दोन्ही उठतात पण मागचं अडथळ्याला लागतं, तर घाई होतेय: पुढचं चाक अडथळ्याच्या हातभर आधी उठलं पाहिजे आणि कंबर पुढे यायला त्याला वेळ दिला पाहिजे. सायकल हवेत तिरकी होत असेल तर एक हात जास्त ओढतोय. हे शोधायला मैत्रिणीला बाजूनं मोबाइलवर संथ गतीत चित्रण करायला सांगा, समोरून नाही. बाजूनं कंबर दिसते.

हातात बावीस हजार असतील तर अठरा-एकोणीसची योग्य मापाची हार्डटेल, दीड हजाराचं पेडल आणि उरलेल्यात हेल्मेट, स्टेम, शिन गार्ड. पंचवीसची चुकीच्या मापाची सायकल घेऊन पेडल तेच ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. आणि सराव सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी सायकल दुकानात परत न्या, पहिली सर्व्हिस बहुधा फुकट असते. क्रँकचे बोल्ट, स्टेमचे चारही स्क्रू आणि मागच्या चाकाचे स्पोक डोळ्यांदेखत आवळून घ्या. नव्या सायकलचे स्पोक उड्यांनी सैल होतातच, आणि सैल राहिले तर एकामागून एक तुटायला लागतात.